माझ्या तक्त्यातला पाच

शरीरसौष्ठव स्पर्धेच्या परीक्षकाने गडद निळा ब्लेझर आणि राखाडी पँट घालावी, असं नियमपुस्तकात लिहिलंय. माझ्याकडे आयुष्यात एकच ब्लेझर होता, लग्नातला, आणि तो मरून रंगाचा. शिवाय त्याची बटणं लागायची बंद होऊन सहा वर्षं झाली होती. मार्च महिन्यात, मैदानावरच्या मांडवात, हॅलोजनखाली ब्लेझर घालून बसायचा नियम ज्याने केला तो माणूस मुंबईचा नसणार हे नक्की. नव्हताच. बेन आणि जो वीडर या दोन भावांनी १९४६ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये शरीरसौष्ठवाची आंतरराष्ट्रीय संघटना काढली, तीच आयएफबीबी. मॉन्ट्रियलला मार्चमध्ये बर्फ असतो.

माझी या खेळातली कारकीर्द सांगण्यासारखी नाही, म्हणून लवकर सांगून टाकतो. परळच्या एका व्यायामशाळेत चौदाव्या वर्षी गेलो, ६५ किलो गटात बारा वर्षं उतरलो आणि जिल्ह्याच्या वर कधी गेलो नाही. सगळ्यात मोठं यश म्हणजे एकदा पाचवा आलो. त्या रात्री स्टेजच्या मागे उभं राहून मी परीक्षकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. ‘विकले गेलेत सगळे’ हे वाक्य आमच्या खेळात अंड्यांइतकंच खपतं. पुढे बँकेत नोकरी लागली, खांदा गेला, पोझिंग ट्रंक, म्हणजे स्टेजवरची चड्डी, माळ्यावर गेली. स्पर्धा बघणं मात्र सुटलं नाही. बांबूच्या कठड्याला टेकून मी शेजारच्याला दर गटाचा निकाल आधीच सांगायचो आणि तो चुकला की पुन्हा परीक्षकांवर घसरायचो. एकदा मागे उभ्या असलेल्या एका जुन्या पंचांनी हे सगळं ऐकलं. म्हणाले, “एवढं दिसतंय तर इकडे कशाला उभा राहतोस? पुढच्या महिन्यात परीक्षकांचं शिबिर आहे. ये.”

चिडून गेलो, हे कबूल करतो. शिकायला नव्हतो गेलो.

अर्जात पहिला रकाना नावाचा, दुसरा जन्मतारखेचा आणि तिसरा ‘आंतरराष्ट्रीय संलग्नता’. या तिसऱ्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. बारा वर्षं स्टेजवर काढूनही मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. क्रिकेटला आयसीसी, फुटबॉलला फिफा, विषय संपला. आमच्याकडे विषय तिथे सुरू होतो. आपल्या आजोबांच्या पिढीला ‘मिस्टर युनिव्हर्स’ म्हणजे लंडन एवढंच ठाऊक होतं. ती स्पर्धा नाबा नावाच्या ब्रिटिश संघटनेची. बंगालच्या मनोतोष रॉय यांनी १९५१ मध्ये आणि मनोहर ऐच यांनी १९५२ मध्ये तिथे आपापल्या गटात बाजी मारली. ऐच पाच फुटांनाही थोडे कमीच, आणि जगले मात्र १०४ वर्षं. मग वीडर बंधूंच्या आयएफबीबीचाही एक मिस्टर युनिव्हर्स होता, ज्याचं नाव १९७६ मध्ये बदलून जागतिक हौशी स्पर्धा असं झालं. आपल्या प्रेमचंद डेगरांनी १९८८ मध्ये जिंकली ती ही, पण पेपरांनी त्यांना मिस्टर युनिव्हर्सच म्हटलं आणि अजून म्हणतात. २००९ मध्ये आशियातून डब्ल्यूबीपीएफ ही आणखी एक जागतिक संघटना उभी राहिली. तिची जागतिक स्पर्धा डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत झाली तेव्हा आमची अख्खी व्यायामशाळा लोटली होती. आणि २०१७ मध्ये खुद्द आयएफबीबीच फुटली. मूळ संघटना राफाएल सांतोन्हांकडे, तिचं ऑफिस स्पेनमध्ये. व्यावसायिक लीग जिम मॅनियन यांच्याकडे, अमेरिकेत. मिस्टर ऑलिम्पिया, म्हणजे व्यावसायिकांची सगळ्यात मोठी स्पर्धा, या दुसऱ्या घरात गेली. पण पाटीवर तीच चार इंग्रजी अक्षरं दोघेही लावतात.

भावकीतल्या वाटणीसारखंच आहे हे. घर एक होतं, आता चुली दोन. आणि एका चुलीवर जेवलास तर दुसरीकडे पान मांडत नाहीत: दुसऱ्या संघटनेच्या स्टेजवर उतरलेल्या खेळाडूवर बंदी घालायची ही या खेळातली जुनी रीत. त्यात भरडला जातो तो रोज वीस-पंचवीस अंड्यांचा हिशेब करणारा पोरगा. त्याला कुणी सांगत नाही की शेजारच्या वॉर्डातली ती भरगच्च बक्षिसांची स्पर्धा कुठल्या पाटीखाली आहे. त्याच्या आईला फक्त एवढंच विचारायचं असतं, की जगज्जेते तीन असतील तर खरा कुठला?

मी रकान्यात संघटनेने सांगितलं ते लिहिलं आणि पुढे गेलो. गंमत अशी, की भांडण पाटीचं आहे, पुस्तकाचं फारसं नाही. सक्तीच्या पोझेस सगळीकडे जवळपास त्याच. आम्हाला शिबिरात शिकवलं तेही आयएफबीबीच्या नियमांच्या धर्तीवरच.

शिबिर उपनगरातल्या एका शाळेत, दोन दिवसांचं. आम्ही सत्तावीस जण पाचवीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो होतो. बहुतेक माझ्यासारखेच, रिटायर झालेले शेर. शिकवणारे सर हे खणखणीत आवाजाचे गृहस्थ, सत्तरीच्या आसपासचे, पण शर्टाच्या बाह्या अजून दंडावर तंग. त्यांनी सुरुवात एका प्रश्नाने केली. पहिल्या मोठ्या शरीरसौष्ठव स्पर्धेचे परीक्षक कोण? कुणालाच येईना. तेच म्हणाले, १९०१, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. यूजेन सँडोने भरवलेली स्पर्धा. परीक्षक तीन: स्वतः सँडो, चार्ल्स लॉज नावाचा शिल्पकार आणि आर्थर कॉनन डॉयल, म्हणजे शेरलॉक होम्सचा बाप. “एक आयोजक, एक मूर्तिकार, एक गोष्टी लिहिणारा. तिघांनी मिळून ठरवलं चांगलं शरीर कुठलं. कशावरून ठरवलं? मनाला आलं म्हणून. आणि तुम्ही सगळे आजवर तेच करत आलाय.” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “सर, आमच्याकडे हल्ली आयोजकांचा पाहुणापण खुर्ची मागतो.” सर हसले नाहीत.

मग त्यांनी पुस्तक उघडलं. मला वाटलं होतं त्यात वजनगट, दंड, बंदी असला वकिली मजकूर असेल. तो होताच. पण मला गुंतवलं ते एका परिच्छेदाने. त्यात डोळ्याने कसं चालावं ते लिहिलंय. खेळाडूने पोझ घेतली की आधी त्या पोझचा मुख्य स्नायू बघायचा. तो बघून झाला की नजर डोक्यावर न्यायची आणि तिथून खाली उतरायची: डोकं, मान, खांदे, छाती, हाताचे सगळे स्नायू, पोट, कंबर, मांड्या, पोटऱ्या, पावलं. खेळाडू पाठमोरा झाला की पुन्हा तोच प्रवास, फक्त वाटेतली गावं वेगळी: मानेखालचा ट्रॅपेझियस, पाठीचा कणा धरून उतरणारे दोन दोर, नितंब, मांडीची मागची बाजू, पोटऱ्या. प्रत्येक वेळी, प्रत्येक खेळाडूला. मधली पायरी गाळायची नाही.

मी हात वर केला. “पावलं? पावलांत काय बघायचं?”

“पावलांत काही नाही. पण नजर पावलांपर्यंत पोचली म्हणजे पोटऱ्या बघून झाल्या.”

सगळे हसले, आणि मला माझी बारा वर्षं दिसली. आम्ही व्यायामशाळेत छाती आणि दंड बघायचो. कुणी शर्ट काढला की नजर तिथेच खिळायची, आणि बाकीचं शरीर ही त्या दोघांना उभं करायची सोय. मी पाचवा आलो त्या रात्रीचा एक फोटो घरी आहे. शिबिराहून परत आल्यावर तो काढून बघितला, डोक्यापासून पावलांपर्यंत, पुस्तकात सांगितलंय तसा. छाती झकास. खाली दोन काठ्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी सातही पोझेस आमच्याकडूनच घेतल्या. पन्नाशीतली पोटं सुटलेली माणसं बनियनवर समोरून आणि मागून डबल बायसेप्स मारतायत, म्हणजे दोन्ही दंड फुगवतायत, तशीच दोन्हीकडून लॅट स्प्रेड, म्हणजे पाठ पसरतायत, साइड चेस्ट, साइड ट्रायसेप्स, शेवटी हात डोक्यामागे नेऊन पोट आणि मांड्या. शाळेचा शिपाई दारात उभा राहून बघत होता. पण कळलं बरंच. मागून डबल बायसेप्स मारताना एक पाय मागे घेऊन चवड्यावर टेकवावा लागतो आणि पोटरी आवळावी लागते, आणि या एका पोझमध्ये दंडापासून टाचेपर्यंत जेवढे स्नायू एकदम दिसतात तेवढे इतर कशातच दिसत नाहीत. समोरून राजा असलेला माणूस पाठ फिरवल्यावर रंक निघू शकतो. मी कठड्याला टेकून जे निकाल सांगायचो ते समोरच्या पोझेसवर. खेळाडू पाठमोरे झाले की मी शेजारच्याशी गप्पा मारायचो.

बारीकसारीक नियमांचा तास रंगला. पोझिंग ट्रंकची बाजूची पट्टी किमान १५ मिलिमीटर हवी आणि मागे तीन चतुर्थांश भाग झाकलेला हवा. सरांनी त्यासाठी मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी आणली होती. रंग हाताने पुसला आणि निघाला तर तो चालत नाही. चष्मा, घड्याळ, कडं, माळ, सगळं काढायचं. लग्नाची अंगठी तेवढी चालते. यावर आमच्यातल्या एकाने खरा प्रश्न विचारला: आमचा खेळाडू लग्नाची अंगठी घालतच नाही, पण मनगटात गंडा असतो, दंडात ताईत असतो, आणि तो तोडायला सांगितला तर त्याची आजी स्टेजवर येईल. सर म्हणाले, आजीला पहिल्या रांगेत बसवा आणि गंडा तिच्या हातात द्या.

आणि परीक्षकांसाठीचे नियम. शेजारच्याशी बोलायचं नाही. त्याच्यावर छाप पाडायचा प्रयत्न करायचा नाही, उघड नाही आणि आडूनही नाही. फोटो काढायचे नाहीत. खेळाडूला तिथून सूचना द्यायच्या नाहीत. दारू पिऊन बसायचं नाही. हा शेवटचा नियम वाचताना वर्गात जी शांतता पसरली तिच्यावरून तो का लिहावा लागला असेल ते कळलं.

लेखी परीक्षा झाली, पास झालो. मग खरी परीक्षा: एका जिल्हा स्पर्धेत परीक्षकांच्या मागच्या रांगेत बसून आपला वेगळा तक्ता भरायचा. तो निकालात धरत नाहीत, पण नंतर मूळ परीक्षकांच्या तक्त्यांशी ताडून बघतात. शरीरसौष्ठवाच्या गटांत माझं बरं जमलं. क्लासिक या उंचीप्रमाणे वजनाला मर्यादा असलेल्या प्रकारातही धकलं, तिथे सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करून, त्यात गटाप्रमाणे थोडी सूट धरून वजनाची कमाल ठरते, त्यामुळे नुसता डोंगर झालेला माणूस वजनकाट्यावरच गळतो आणि परीक्षकाचं काम सोपं होतं. माती खाल्ली ती मेन्स फिजिकमध्ये.

हा प्रकार आमच्या काळात नव्हताच. आयएफबीबीने तो २०१२ च्या सुमारास आणला. पोरं गुडघ्यापर्यंतची बर्म्युडा घालून येतात, कंबरेवर हात ठेवतात, वळतात आणि हसतात. मला त्याचा राग होता. मांड्या झाकून कसली स्पर्धा? त्या गटात बारा जण होते. त्यात एक असा होता की बाकीचे अकरा त्याच्या मागे लपले असते. खांदे नारळासारखे, छातीवर शिरांचं जाळं. मी डोळे मिटून त्याला पहिला लावला. मूळ परीक्षकांनी त्याला सहावा ठेवला होता.

सरांनी माझा तक्ता हातात घेतला आणि विचारलं, “हा का पहिला?”

“सर, सगळ्यात भारी तोच होता.”

“पुस्तकात काय लिहिलंय?”

पुस्तकात लिहिलंय की या प्रकारात अति स्नायू दिसले तर गुण कमी करायचे. मी ते वाचलं होतं. लेखी परीक्षेत त्यावर प्रश्न होता आणि माझं उत्तर बरोबर होतं. पण हात माझ्या व्यायामशाळेचा होता, त्याने आपल्या मनाचं लिहिलं. मी वाद घातला. म्हणालो, जो पोरगा दोन वर्षं जास्त राबला त्याला राबला म्हणून मागे टाकायचं, हा कुठला न्याय? सर म्हणाले, “तो चुकीच्या गटात राबला. आणि न्याय पटत नसेल तर संघटनेला पत्र लिही, नियम बदलायची तिथे रीत आहे. तक्त्यावर नियम बदलायचा नाही.” मग थोडं थांबून त्यांनी १९८० ची गोष्ट सांगितली. सिडनीची मिस्टर ऑलिम्पिया. अर्नोल्ड श्वार्झनेगर पाच वर्षांनी परतला आणि जिंकला, आणि प्रेक्षकांतून निषेधाची हुर्यो उठली. त्याच्यासमोर हरलेला माइक मेंट्झर त्यानंतर कधीच स्पर्धेत उतरला नाही. “तिथेही खुर्चीत बसलेल्यांसमोर नियमपुस्तक होतंच,” सर म्हणाले. त्यांना यातून काय सांगायचं होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. मेन्स फिजिक मला अजून आवडत नाही. पण त्या दिवसानंतर मी तो गट पुस्तकाप्रमाणे लावतो.

दुसऱ्यांदा मागच्या रांगेत बसलो तेव्हा जमलं. कार्ड आलं. निळा ब्लेझर दादरला शिवून घेतला. जिल्ह्याच्या दोन स्पर्धांना बसलो आणि मग राज्य पातळीच्या एका स्पर्धेचं बोलावणं आलं.

सकाळी वजनं होती. वजनकाट्यापाशी उभं राहिलं की या खेळाची खरी बाजू दिसते. गालफडं बसलेली, ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले पोरगे एकामागून एक येतात. रांगेत माझ्याच व्यायामशाळेतला एक पोरगा दिसला, ७० किलो गटातला. मला काट्यापाशी बघून त्याचा चेहरा उजळला आणि माझा उतरला. तो काट्यावर चढला: ७०.३. अर्धा तास दिला. दोन स्वेटर आणि वर जॅकेट घालून तो मैदानाला चकरा मारत राहिला, वाटेत थुंकत होता. परत आला तेव्हा ६९.९.

मी मुख्य परीक्षकांना बाजूला घेऊन सांगितलं, हा आमच्याकडचा आहे.

“तू शिकवतोस त्याला?”

“नाही. एका छपराखाली व्यायाम करतो एवढंच. कधी लोखंड उचलून देतो.”

“मग बस. सात जण आहेत.”

‘सात जण आहेत’ याचा अर्थ मला रात्री कळला.

प्राथमिक फेरी दुपारी. गटात एकोणीस जण होते, त्यातले पंधरा ठेवायचे. हे सोपं. मग पंधरांना गटागटाने पुढे बोलावून सात पोझेसची तुलना. माझी नजर डोक्यावरून सुरू होऊन पावलांपर्यंत नीट उतरत होती, पण त्या पोराच्या नंबरावर आली की अडखळायची. चांगला दिसतोय असं वाटलं की लगेच मनात यायचं, आपला आहे म्हणून वाटतंय. पाठ उघडली तेव्हा मी चमकलो, इतकी दाट पाठ मी त्याच्यावर कधी बघितली नव्हती. आणि त्या चमकण्यावरच मला संशय आला. पोटऱ्या बघितल्या, त्या जरा कमी. तिथे मी धरून बसलो. तक्त्यावर प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यावा लागतो, दोघांना एकच देता येत नाही. कुणाला दुसरा लावू, कुणाला तिसरा, करत करत मी त्याला पाचवा लावला. सही केली. कागद वर गेला. आणि मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण आपण फार प्रामाणिक आहोत असं वाटून मी दुपारचा वडा जरा जास्तच चवीने खाल्ला.

अंतिम फेरी रात्री. ढोल, धूर, पाहुण्यांचे सत्कार, पुन्हा पाहुण्यांचे सत्कार. ७० किलो गटाचा निकाल अकराच्या पुढे लागला. तो दुसरा आला. मांडवात आमच्या व्यायामशाळेचा कोपरा उसळला. मी ब्लेझरमध्ये ताठ बसून राहिलो.

गटविजेत्याला स्टेजच्या पायऱ्यांवरच उत्तेजक चाचणीवाल्यांच्या माणसाने गाठलं. आता त्याच्या नजरेआड व्हायचं नाही. ही बाजू परीक्षकांच्या हातात नसते, आणि नसते तेच बरं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची नियमावली, नमुना घ्यायची पद्धत, दोन बाटल्या, ए आणि बी. किमान ९० मिलिलिटर लघवी हवी, आणि ती माणसादेखत. आता ज्याने दोन दिवस पाणी जवळजवळ सोडलंय, शरीरातला शेवटचा थेंब पिळून काढलाय म्हणून ज्याच्या पोटाला चिरा पडल्यात, त्याच्याकडे तुम्ही ९० मिलिलिटर मागता. तो बिचारा पाण्याच्या सीलबंद बाटल्या एकामागून एक पीत बसला. घाईघाईने जास्त प्यायलं तर आणखी पंचाईत, कारण नमुना फार पातळ निघाला, त्याची घनता ठरलेल्या मर्यादेखाली गेली, तर पुन्हा द्यायचा. त्याचं तेच झालं. गळ्यात पदक, अंगावर टॉवेल, घामाने रंग उतरलेला, आणि मैदानातल्या खुर्च्या उचलून ट्रकमध्ये चढवायला सुरुवात झाली तरी गटाचा हा विजेता आपल्या लघवीची वाट बघत बसला होता.

मला त्याच्या शेजारून गुणतक्त्यांच्या टेबलाकडे जायचं होतं. आकडेमोड करणाऱ्या बाईंना विचारलं, ७० चा कागद बघू का? त्यांनी सरकवला.

आमच्या पोरासमोर सात आकडे: दोन, दोन, दोन, तीन, तीन, दोन, पाच. पाच माझा. त्याच्याखाली तिसऱ्या आलेल्याचे: तीन, तीन, तीन, दोन, दोन, तीन, दोन. यातही शेवटचा दोन माझाच. मी मनात बेरीज केली. आमचा पोरगा १९, तिसरा आलेला १८. ज्याची बेरीज कमी तो पुढे. म्हणजे नुसती बेरीज धरली असती तर आमचा पोरगा तिसरा होता, आणि तो माझ्यामुळे.

पण नुसती बेरीज धरत नाहीत. नऊ परीक्षक असले तर सगळ्यात वरचे दोन आणि खालचे दोन आकडे वगळतात, त्याहून कमी असले तर एक वरचा आणि एक खालचा. बाईंनी माझ्या पाचाभोवती निळ्या पेनाने नीटस गोल काढला होता, आणि एका दोनाभोवती. उरले बारा. तिसऱ्या आलेल्याचेही दोन वगळून उरले तेरा. एका गुणाने पोरगा दुसरा.

हा नियम मी परीक्षेत लिहिला होता. मला वाटायचं तो विकल्या गेलेल्या परीक्षकासाठी केलाय, आपल्या माणसाला ढकलून वर चढवणाऱ्यासाठी. आपल्या माणसाला भीतीपोटी खाली ढकलणाराही कुणीतरी असेल हे मॉन्ट्रियल असो की माद्रिद, कुणाला आधीच कसं सुचलं असेल? की सुचलं नसेलच, आणि गोल काढणाऱ्याला असल्या भानगडींशी काही देणंघेणं नसतं? आकडा टोकाचा आहे, वगळा. बाईंनी कागद परत घेतला आणि रबर बँड लावला.

बाहेर आलो तर गाडीवर वडापाव तळत होते आणि पोरगा तिथे उभा होता, अंगभर रंग, वर व्यायामशाळेचा टी-शर्ट, दोन महिन्यांनी पहिला वडापाव हातात. मला बघून वाकला. मी पाया पडू दिलं नाही.

“दादा, तुम्ही होता म्हणून धीर होता.”

“पोटऱ्या कमी पडल्या,” मी म्हणालो.

“ते सगळेच सांगतात. तुम्ही कितवा लावला होता?”

विजेत्याच्या तंबूतून टाळ्या ऐकू आल्या. नमुना झाला असावा. पोरगा चघळत माझ्याकडे बघत होता. दुसरा लावला म्हणालो असतो तर खपलं असतं.

“पाचवा.”

त्याचं चघळणं थांबलं. हातातल्या वडापावाकडे बघितलं, मग माझ्या ब्लेझरकडे.

“मग पैसे तुम्ही द्या,” तो म्हणाला. “आणि अजून दोन सांगा.”